कूम मिलेन्को यांच्या ग्राफिक्स कार्डाचा सन्मान

चाचाक, जुर्जिच सणाच्या आधीचा आठवडा

आदरणीय कूम मिलेन्को यांस,

विदोसावाचा मनापासून नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? घरी कुमा ब्रांकाचा रक्तदाब उतरला का? बाल्कनीत मिरच्या भाजल्या म्हणून खालच्या मजल्यावरच्या ऑस्ट्रियन बाईंनी यंदाही तक्रार केली का? केली असेल तर मला कळवा. मी त्यांना एक पत्र लिहीन. मिरच्या भाजण्याचा हक्क हा माणसाच्या मूलभूत हक्कांपैकी आहे, आणि त्यावर मी बोलायला उभी राहिले तर त्या बाई स्वतः मिरच्या सोलायला येतील. आम्ही इकडे ठीक आहोत, म्हणजे मी ठीक आहे. रादोय्कोबद्दल पुढे लिहिते, कारण हे सगळं पत्र त्याच्याबद्दलच आहे. (तुमच्याबद्दलही आहे, पण ते तुम्हांला हळूहळू कळेल. तोवर कृपा करून बसून वाचा.)

तुम्ही आमच्या लग्नात साक्षीला उभे राहिलात, आमच्या दोन्ही मुलांची नावं तुम्ही ठेवलीत. कूमचं नातं आपल्याकडे रक्ताच्या वर धरतात, म्हणून तुमच्यापासून लपवण्यासारखं काही नाही. रादोय्कोच्या हृदयानं गेल्या हिवाळ्यात दगा दिला, डॉक्टरांनी त्याचा ट्रकचा परवाना थांबवला, आणि वसंतात आम्ही ट्रक विकला, हे तुम्हांला ठाऊक आहे. त्यानंतरचं ठाऊक नाही. तो बोलत नाही, कूम. रागानं नव्हे, नुसताच. सकाळी महामार्गाकडच्या खिडकीत बसतो, चढावर कुणी चुकीचा गिअर टाकला की मान हलवतो, आणि जेवायला बोलावलं की उठतो. सगळं आयुष्य मी वर्गात, सभेत, नगरपालिकेच्या दारात बोलत आले आणि हा माणूस घरी आला की माझ्याहून जास्त बोलायचा. तुर्कस्तानच्या सीमेवरची रांग, डॉर्टमुंडचं सूप, सगळं. आता घरात मी एकटीच बोलते. बोलणाऱ्या माणसाला याहून मोठी शिक्षा नाही.

तेव्हा माझे दीर रातोमिर एक दिवस म्हणाले, "वहिनी, संगणकावर ट्रक चालवायचा एक खेळ असतो. सगळे रस्ते खरे. सीमा खऱ्या. पेट्रोलपंपसुद्धा." फक्त त्याला दमदार संगणक लागतो, आणि तयार घेण्यापेक्षा भाग आणून घरी जोडावा. मी इतिहासाची शिक्षिका, अज्ञानात पाऊल टाकत नाही. ग्रंथालयात बसले, तरुण पोरं इंटरनेटवर काय भांडतात ते वाचलं, आणि मला कळलं की सगळा खेळ समतोलाचा आहे. एक भाग महाबलाढ्य आणि बाकीचे दुबळे असले तर दुबळे धापा टाकतात आणि बलाढ्य रिकामा बसून राहतो. मुलांना साम्राज्यांचा ऱ्हास शिकवण्यात माझी हयात गेली. हे मला नवीन नव्हतं. मी घरच्यांची सभा घेतली, उभी राहिले, आणि सांगितलं की या घरात जो संगणक जन्माला येईल त्यात कुणी सरदार नसेल आणि कुणी हमाल नसेल. सगळे भाग मध्यम. प्रोसेसर रातोमिरनं द्यायचा, वीज पुरवणारा पॉवर सप्लाय माझी बहीण झागोर्का देईल, मदरबोर्ड आणि कॅबिनेट माझ्याकडे. ग्राफिक्स कार्ड तुमच्याकडे सोपवलं. (टाळ्या पडल्या. झागोर्कानं वाजवल्या नाहीत, तिच्या हातात कोबीच्या पानातला सार्मा होता.)

मी तुम्हांला फोनवर "मधलं कार्ड" असंच म्हणाले होते. तुम्ही काय म्हणालात ते मला जसंच्या तसं आठवतं: "मधलं? मी काय मधला कूम आहे?"

आणि मग तुमच्या लिन्त्झच्या बसमधून ते खोकं आलं. बसचालक द्रागोल्युबनं ते दोन्ही हातांनी उतरवलं आणि विचारलं, "बाई, डुकराची मांडी आहे का?" तीन पंखे, कूम! धुरावलेल्या मांडीएवढी लांबी! तुमचं मन मोठं आहे हे साऱ्या चाचाकला माहीत आहे, पण ते आमच्या कॅबिनेटहून दोन बोटं मोठं निघालं.

तरी मी डगमगले नाही. करवतीनं आतली एक पत्र्याची पट्टी कापली आणि कार्ड बसवलं. खरा घात पुढे होता, आणि तो द्वेषातून नव्हे, आदरातून झाला. तुमचं खोकं आल्याची बातमी पसरली मात्र, रातोमिरनं आधीच आणलेला चांगला मध्यम प्रोसेसर गुपचूप दुकानात परत केला आणि त्याहून लहान आणला. का? तर कूमच्या भेटीच्या जवळपाससुद्धा जाणं शोभत नाही. झागोर्कानं रातोमिरचा लहान प्रोसेसर पाहिला. ती बायकोकडची, तिनं दिराच्या पुढे कसं जायचं? तिनं पॉवर सप्लाय असा आणला की त्यावर बहुधा टेबलावरचा दिवा चालला असता. मी जाब विचारला तर रातोमिर म्हणतात, "वहिनी, जुर्जिचला, घरच्या संताच्या सणाला, कूम येणार, टेबलाच्या डोक्याशी बसणार. त्यांच्या तोंडावर मी मोठा प्रोसेसर मिरवू? लोक काय म्हणतील?" मी समतेची सभा घेतली होती, यांनी तिची राजदरबाराची रांग करून टाकली.

जोडणी केली. बटण दाबलं. तुमच्या कार्डाचे तिन्ही पंखे वाऱ्यासारखे फिरले, घरातले दिवे मंदावल्यासारखे वाटले (ते माझ्या मनाचं असेल), आणि सगळं विझलं. पुन्हा दाबलं, पुन्हा विझलं. एकदा कसाबसा खेळ उघडला तर ट्रक एक हात पुढे जाई, थांबे, विचार करी, आणि पुन्हा एक हात जाई.

तेव्हा खिडकीतून रादोय्को उठला, कूम. जेवणाची वेळ नव्हती. तो आला, वाकून कॅबिनेटात पाहिलं, आणि वसंतानंतर प्रथमच एक आख्खं वाक्य बोलला: "हे कुणी भरलं?" आणि थांबलाच नाही. "इंजिन मोपेडचं, ट्रॉली चाळीस टनांची, डिझेलची टाकी कॉफीच्या कपाएवढी. असा माल घेऊन मी अंगणाबाहेर पडलो नसतो." मी दाराला टेकून ऐकत राहिले. मला रडू येणार होतं, तेवढ्यात तो म्हणाला, "कार्ड बदला," आणि माझं रडू जागच्या जागी वाळलं. कूमची भेट बदलायची? मी उभी राहिले. स्वाभिमान, आतिथ्य, परदेशात घाम गाळणारी आपली माणसं, सगळ्यांवर बोलले. रातोमिर आणि झागोर्का दोघंही उभी राहिली. रादोय्को परत खिडकीत जाऊन बसला.

म्हणून हे पत्र. कूम, तुमच्या कार्डाला कुणी हात लावणार नाही. तुम्ही फक्त दोन ओळी लिहून द्या, की रातोमिरनं आणि झागोर्कानं दमदार भाग दिले तर तुमचा मान तसूभरही कमी होणार नाही. त्या ओळी मी जुर्जिचला सर्वांसमोर, मेणबत्ती लावल्यावर, उभी राहून वाचीन. तुमच्या एका शब्दानं या घरात न्याय आणि समतोल दोन्ही नांदतील. कुमा ब्रांकाला नमस्कार.

तुमची,
विदोसावा

ता. क. पत्र टेबलावर ठेवून मी बाजारात कांद्याची पात आणायला गेले होते. परत आले तर खिडकी रिकामी, आणि कार्डही नाही. रादोय्को ते काखेत मारून दुकानात गेला आणि बदलून घेऊन आला. त्या एका कार्डात मध्यम कार्ड, मध्यम प्रोसेसर, नीट पॉवर सप्लाय, कॅबिनेट आणि वर एक स्टिअरिंगसुद्धा आलं. आता ते जेवणाच्या टेबलाला, माझ्या लेसच्या टेबलक्लॉथवर, शिकंज्यानं आवळलेलं आहे. मी बोलायला तोंड उघडलं तर म्हणाला, "विदा, गाडी चालवणाऱ्याशी बोलायचं नसतं."

ता. क. २. तेव्हा दोन ओळींची गरज उरली नाही. मी सर्वांना जाहीर केलं आहे की तुमची भेट बदललेली नाही, ती सर्व भागांत समान वाटली गेली आहे, आणि माझ्या मूळ तत्त्वाचा हाच विजय आहे. कार्डाचं रिकामं खोकं काचेच्या कपाटात, लग्नातल्या स्फटिकाच्या पेल्यांशेजारी ठेवलं आहे. रातोमिर रुसले होते. त्यांनी माउस दिला. सगळ्यात लहान वस्तू आपली म्हणून आता सगळ्यात खूश तेच आहेत.

ता. क. ३. मिलेन्को, खरं मागणं हे आहे. हे पत्र द्रागोल्युबकडे देते, उद्या सकाळी तुमच्या हातात पडेल. रादोय्कोनं आज बेलग्रेडहून माल भरला आहे. लिन्त्झला न्यायचा. खेळात तो रस्ता लवकर संपतो म्हणतात, पण हा कायद्याप्रमाणे विश्रांती घेतो. हंगेरीत गाडी उभी केली, संगणक बंद केला आणि खरोखर झोपला. झोपण्याआधी मला उद्यासाठी पाव-चीज बांधून ठेवायला सांगितलं. उद्या संध्याकाळपर्यंत पोचेल. त्याचा ट्रक लिन्त्झला पोचला की तिथल्या पार्किंगमध्ये तुम्ही इतकी वर्षं कॉफी घेऊन यायचात आणि एकच प्रश्न विचारायचात. संध्याकाळी फोन करा. कार्डाचं काढू नका, तब्येतीचं विचारू नका. फक्त विचारा, "रस्ता कसा होता?"

तो नेहमीसारखा "लांब" म्हणेल. फोन ठेवू नका. पुढचं तो सांगेल.