सनई थांबते त्या जागा

आबा,

तुमच्या सनईवरून सध्या लोक एकमेकांची अक्कल काढून राहिलेत. तुम्हाला जाऊन वीस वर्षं झाली. हयातीत तुमच्यावरून कुणी भांडल्याचं मला आठवत नाही. पहाटे देवीपुढं वाजवायचं, नवरात्रात दोन वेळा वाजवायचं, परत येऊन चहा प्यायचा, एवढंच तुमचं. आणि आता ज्यांनी आपलं हट्टा गाव कुठं आहे ते नकाशातसुद्धा पाहिलं नसेल, अशी पोरं तुम्ही सुरात आहात की बेसूर यावरून दिवसदिवस फोनवर लिहून राहिलीत.

आधी मी काय करते ते सांगायला पाहिजे, कारण तुम्ही गेलात तेव्हा मी नांदेडला कॉलेजात होते आणि तुम्हाला वाटत होतं की पोरगी मास्तरीण होणार. झाले नाही. पुण्यात एका कंपनीत ड्रॉइंग तपासते, आणि उरलेल्या वेळात एका मेटल बँडमध्ये वाजवते. तुम्ही ऐकलं असतं तर विचारलं असतं, वसमतला हळदीचा ड्रम फिरून राहिला का काय. वाळलेली हळद पॉलिश करताना लोखंडी ड्रम खडखडतो ना, पहिल्यांदा ऐकणाऱ्याला तसंच वाटतं. त्या खडखडाटाखाली एक जाड आवाज एकसारखा चालू असतो, तो माझा. त्या वाद्याला बेस म्हणतात. त्याच्याकडं कुणाचं लक्ष जात नाही, आणि मला ते बरं पडतं.

आमच्या बँडचं ऐकणारे लोक थोडे आहेत, पण फार जीव लावणारे आहेत. काळे टी-शर्ट घालून लांबून येतात, प्रत्येक गाणं पाठ असतं. यंदा आमच्या गिटारवाल्याच्या डोक्यात आलं की देवळातल्या वाजवणाऱ्यांना सोबत घेऊन आख्खा अल्बम करायचा. तो पुण्याचाच, बँड त्यानंच काढलेला, माणूस चांगला पण एखादी गोष्ट मनात आली की जेवण विसरतो. मी आपल्या चुलत भावाला फोन लावला. तुमच्यानंतर देवळातली पाळी तोच सांभाळतो. तो संबळ आणि चौघडा घेऊन चार जणांसह हिंगोलीहून रेल्वेनं आला, आठ दिवस राहिला, आणि आमच्या ड्रमवाल्याला म्हणाला, "तुमी लई जोरात वाजवता, देव भिऊन पळंल." ते आठ दिवस मी इतकी हसले की गालफडं दुखली.

ते लोक गावी परत गेले, आणि अल्बमचं शेवटचं गाणं करायचं राहिलं होतं. तेव्हा मी तुमची कॅसेट ऐकवली. एकच कॅसेट आहे तुमची, शाळेतल्या गुरुजींनी नवरात्रात टेपरेकॉर्डर आणून भरून घेतलेली. मी फक्त एवढं म्हणाले की आमच्याकडच्या देवळातलं जुनं आहे. वाजवणारा माझा बाप आहे, हे सांगितलं नाही. का, ते मलाही नीट सांगता येणार नाही. कुणी कीव केलेली मला खपत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. गिटारवाल्यानं डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाला, "हे असंच घ्यायचं. हात लावायचा नाही." मग तुमच्या भोवती गिटारी रचल्या आणि मुखपृष्ठावर छापलं, मंदिरातील जुनं ध्वनिमुद्रण.

अल्बम आला आणि ऐकणाऱ्यांत फाटाफूट झाली. निम्मे म्हणतात, बँडचं लग्न लागलं, मांडवात अक्षता तेवढ्या वाटायच्या राहिल्या. एकानं आमचा टी-शर्ट कात्रीनं कापतानाचा व्हिडिओ टाकला. निम्मे म्हणतात, आजवरचं सगळ्यात मोठं काम आहे, कळायला कान लागतात. आणि सगळ्यात मोठं भांडण तुमच्या गाण्यावर आहे. कारण त्यात सनई मधेच थांबते. चांगली चाललेली असते, आलाप वर चढत असतो, आणि एकदम सगळं टाकून तुम्ही सा वर येऊन उभे राहता. तिथंच. थोडे खाली ओघळता, पुन्हा वर येता, मग चाल पुढं. पुन्हा थोड्या वेळानं तेच. एक बाजू म्हणते, म्हाताऱ्याचा दम संपतोय, हे कापायला पाहिजे होतं. दुसरी म्हणते, हाच तर प्रयोग आहे, मुद्दाम केलंय. म्हातारा म्हणे. पन्नाशी पण गाठली नव्हती तुम्ही तेव्हा.

माझं सूर धरणं तुम्हाला आठवत असेल. आपल्यात दोन सनया लागतात, एकीवर चाल वाजते आणि दुसरीवर नुसता सा धरायचा, पहिल्यापासून शेवटपर्यंत, न तोडता. तुम्हाला मुलगा नव्हता. चुलत भाऊ तेव्हा मामाकडं कळमनुरीला शिकायला होता. मग आठव्या वर्षी तुम्ही मला स्वयंपाकघरात पाटावर बसवलं, तांब्यात पाणी आणि पाण्यात पपईच्या पानाची पोकळ दांडी. फुंकत राहायचं, बुडबुडे थांबले नाही पाहिजेत, आणि त्याच वेळी नाकानं श्वास आत घ्यायचा. माय भाकरी थापताना म्हणायची, "पोरीच्या गालाचा पार फुगा करून टाकला यानं. उद्या कोन करील हिला?" तुम्ही म्हणायचा, "सनईवाला करील."

मला ते पुरतं कधी जमलंच नाही. देवळात बसले की थोडा वेळ सूर धरायची, मग छाती रिकामी व्हायची आणि सूर तुटायचाच. पहिल्या दिवशी तुटला तेव्हा मी भेदरून तुमच्याकडं पाहिलं. तुम्ही चाल तिथल्या तिथं सोडली आणि सा वर येऊन थांबलात. मी श्वास घेतला, पुन्हा सूर धरला, आणि तुम्ही निघालात पुढं. समोर बसलेल्यांना काही कळलं नाही. घरी येताना मी रडत होते, तर म्हणालात, "काहून रडतीस? तुझा सुटला की म्या धरतो. देवाला सूर भेटल्याशी मतलब." पाच वर्षं तसंच चाललं. माझा दम कुठं संपतो हे तुम्हाला माझ्याआधी कळायला लागलं होतं. मी मान वळवायच्या आत तुम्ही तिथं आलेले असायचा.

फक्त एकदा रागावलात. दसऱ्याच्या आदल्या दिवशी समोर माझी मैत्रीण तोंड वेडावून राहिली होती, आणि मला हसू फुटून सूर गेला. बाहेर आल्यावर तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, "दम लागला तर थांब. हसू आलं म्हनून थांबायचं आसंल तर उद्यापासून येऊ नको." मी दोन दिवस तुमच्याशी बोलले नाही. बोलले नाही, पण आले मात्र.

आणि मग ती कॅसेटची सकाळ. मी तेराची. गुरुजी टेपरेकॉर्डर घेऊन देवळात येऊन बसले होते. मी नवा परकर काढून ठेवला होता, कारण आज आपलं टेप होणार. आणि त्याच पहाटे मला पहिल्यांदा पाळी आली. मी मायला सांगितलं. सांगितलंच नसतं तर कुणाला कळणार होतं? पण मला खोटं बोलता यायचं नाही, ते पुण्यात आल्यावर शिकले. माय म्हणाली, आता चार दिवस देवळाकडं पाय टाकायचा न्हाई. तुम्ही दारात उभे होता, हातात दोन्ही सनया. मी विचारलं, "आबा, काहून?" तुम्ही म्हणालात, "तुझ्या मायला इचार." आणि दुसरी सनई खुंटीला अडकवून गेलात.

चार दिवसांनी मी न्हाऊन, वेणी घालून तयार बसले. तुम्ही माझ्याकडं न बघता म्हणालात, "आता राहू दे." एवढंच. चुलत भावाला बोलावून घेतलं. पुढच्या सोमवारी हिंगोलीहून माझ्यासाठी घड्याळ आणलं, सोनेरी पट्ट्याचं, वर्गात एकीच्याही हातात नव्हतं तसं. मी ते एक दिवस घातलं नाही. तुम्ही कधी विचारलं नाही, मी कधी बोलले नाही, आणि असेच तुम्ही गेलात. फार राग होता, आबा. अजून आहे. देवीच्या देवळात वाजवायला बाईलाच बंदी, आणि तुम्हाला एक शब्द बोलता आला नाही. माझ्यासाठी भांडला असता तर हरला असता, तरी मला चाललं असतं.

मागच्या रविवारी गिटारवाल्याचा फोन आला. लोकांची फार ओरड आहे, तर शेवटचं गाणं नीट करून पुन्हा टाकू, सनई थांबते तेवढ्या जागा कापतो, तुझं काय म्हणणं? मी म्हणाले, ऐकून सांगते. दुपारी हेडफोन लावून बसले, बेस मांडीवर घेतला, आणि गिटारी सगळ्या बंद करून फक्त तुम्हाला चालू ठेवलं. तुमच्या खाली एक सा धरला. पंचवीस वर्षांनी. बेसला काही श्वास लागत नाही, तार छेडली की झालं. आलाप चढायला लागला, आणि मला दम लागला. छाती एकदम रिकामी, तेव्हा व्हायची तशी. मी श्वास घेतला, आणि त्याच क्षणी तुम्ही सा वर येऊन थांबलात. पुढच्या जागी तेच. त्याच्या पुढच्या जागी तेच.

त्या दिवशी तुमच्याजवळ कुणी नव्हतं, आबा. सूर धरायला कुणी नव्हतं, म्हणून तुटायलाही काही नव्हतं. तरी तुम्ही माझा दम संपायच्या प्रत्येक जागी थांबलात. खाली धरणारं कुणी नाही, म्हणून सूर थोडा ओघळला, एवढंच. मी बेस खाली ठेवला आणि जमिनीवर बसून पोटभर रडले.

गिटारवाल्याला म्हणाले, काही कापायचं नाही, वाजवणारा माझा बाप आहे.  तो म्हणाला, "अगं, मग लोकांना सांगू या ना. सगळं भांडण मिटेल." मी नाही म्हणाले. म्हणाले, भांडू दे. त्याला वाटलं, मी तुम्हाला जपतेय.

तसं नाही. सांगायचं म्हटलं तर सगळं सांगावं लागेल, आणि एक गोष्ट मला तुम्हालाही सांगता येत नाही, म्हणून हा कागद घेतलाय. देऊळ घरापासून किती लांब, हाक मारली तर ऐकू येईल. त्या सकाळी मी परसात एकटी बसून तुमची सनई ऐकत होते. पहिल्यांदा तुम्ही थांबलात, तेव्हा मला वाटलं, आबा अडकले. दुसऱ्यांदा थांबलात तेव्हा खात्रीच झाली, माझ्यावाचून यांना जमून नाही राहिलं. आणि आबा, मला बरं वाटलं. तुम्ही जितक्या वेळा थांबलात, तितक्या वेळा मी तिथं बसून हसले.