मागच्या सीटवरचा माणूस

मंगळवार, ११ मार्च

आज सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटांनी, धरणाकडे जाणाऱ्या रस्त्यावर, बंदूकवाल्यांनी माझ्या धाकट्या भावाला उचलून नेलं. मला कळलं दुपारी दोनला! तोवर ही सरकारी मंडळी काय करत होती? बैठक.

धाकटा जिल्ह्याच्या कलेक्टर साहेबांची गाडी चालवतो. म्हणजे, चालवायला हवी. पण साहेबांना स्टिअरिंगची भारी हौस. गाव मागे पडलं की स्वतः पुढे बसायचं आणि धाकट्याला मागे धाडायचं — शेजारी बसला की "गिअर साहेब, गिअर" करतो म्हणून! आज धाकट्याच्या अंगात ताप होता. साहेबांनी आपला कोट त्याच्या अंगावर घातला. तो मागे झोपून गेला. पुढे रस्त्यात झाड आडवं. बंदूकवाल्यांनी मागचं दार उघडलं, कोटातल्या माणसाला म्हणाले, "उतरा, साहेब." आणि पुढच्याला, "तू जा रे. सरकारला कळव."

आणि तो गेला. कळवायला!

"साहेब मी आहे" — इतकं बोलायला जीभ उचलली नाही. एरवी उद्घाटनाला तासभर बोलतो मेला.

बुधवार, १२

मागणी आली. त्यांचा पुढारी तुरुंगात आहे, त्याला सोडा आणि साहेब परत न्या. मुदत सोमवार संध्याकाळ. नाहीतर — पुढचं लिहीत नाही.

भावजय सकाळपासून दारात बसून आहे. "ताई, हे नुसते ड्रायव्हर आहेत असं त्यांना कळलं तर?"

"नुसते म्हणू नकोस," मी खेकसले. पण तिचं खरं होतं. कळलं, की त्याला जिवंत ठेवायचं कारणच संपलं.

सरकारतर्फे सचिव येऊन गेले. साहेबांना सासुरवाडीला लपवलंय म्हणे, आणि त्यांचा फोटो छापू नका अशी वर्तमानपत्रांना तंबी दिली आहे. म्हणजे काल ज्याच्या गप्प बसण्यावर बोटं मोडली, त्याने आता गप्पच बसावं म्हणून मी प्रार्थना करायची! केली. गुडघे टेकून, नन्सच्या शाळेत शिकवली तशी.

गुरुवार, १३

बातमी नाही. समोरची बाई सांत्वनाला आली. दोन कप चहा प्यायली, माझ्या पडद्यांची किंमत विचारली, गेली.

शुक्रवार, १४

रेडिओवर धाकट्याचा आवाज! त्या लोकांनी रेकॉर्ड करून पाठवलेला. "आम्ही सुखरूप आहोत. मागण्यांचा सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा."

आम्ही! मॅट्रिकला तीनदा आपटलेला हा गडी! इतकी वर्षं गाडीत साहेबांचं फोनवरचं बोलणं कानावर पडत होतं, ते असं उपयोगी आलं. भावजय रडता रडता हसली. म्हणाली, "घरात मीठ मागतानासुद्धा कधी इतकं गोड बोलले नाहीत, ताई."

शेवटी खोकला ऐकू आला. ताप उतरलेला नाही.

टेलिफोन एक्स्चेंजमध्ये माझा जन्म गेला. माणूस नाटक करतोय की घाबरलाय, हे मला पहिल्या वाक्यात कळतं. तो दोन्ही करत होता.

शनिवार, १५

सचिवांनी बोलावलं. खुर्ची पुढे केली, पाणी दिलं, पंखा वाढवला. तेव्हाच ओळखलं.

"ताई, तुम्ही शिकलेल्या आहात. समजून घ्या. आज त्यांच्या पुढाऱ्याला सोडलं, तर उद्या ते आणखी चौघांना उचलतील."

खरं आहे. न कळण्याइतकी मी बावळट नाही.

"बुधवारी हे सुचलं नव्हतं?"

"तेव्हा वेळ काढायचा होता. आता मंत्र्यांना पटत नाही. एवढा मोठा कैदी, आणि एका ड्रायव्हरसाठी..."

"साहेबांसाठी सोडला असतात?"

त्यांनी घड्याळ पाहिलं. मग म्हणाले, "तो प्रश्न वेगळा."

"वेगळा कसा, ते सांगा. मला नन्सनी आवाज न चढवता विचारायला शिकवलंय, म्हणून हळू विचारतेय."

टेबलावरचा कागद सरळ करत त्यांनी पुढचा बेत सांगितला. सोमवारी सकाळी अकराला साहेब पत्रकारांसमोर उभे राहणार. साहेब सुखरूप, सरकार झुकलं नाही, फोटो, टाळ्या! आणि तिकडे डोंगरात तेच बातम्यांत ऐकून कोणीतरी धाकट्याकडे वळून बघणार.

भावजयीला अजून सांगितलेलं नाही. जेवली, झोपली. झोपू दे.

रविवार, १६

दुपारी दारात साहेब! एकटे, स्वतः गाडी चालवत. हौस अजून फिटलेली नाही.

डोळे सुजलेले, दाढी वाढलेली. "ताई, मला झोप लागत नाही."

"धाकट्याला लागते का ते कळलं, की तुम्हाला कळवते."

मग म्हणाले, "तुम्ही सांगाल ते करीन."

"उद्या पत्रकारांपुढे जाऊ नका."

"वरून हुकूम आहे, ताई. नोकरी जाईल."

म्हणजे तेवढं सोडून काहीही करायला तयार! माणूस वाईट नाही. वाईट असता तर बरं झालं असतं, चार शिव्या देऊन मोकळी झाले असते. म्हटलं, आतल्या खोलीत बसा, चहा टाकते.

रविवार, संध्याकाळी सहा

साहेब आतल्या खोलीत आहेत. कुलूप मी लावलं. फोन आधीच मागून घेतला होता. चहा, बिस्किटं, पांघरूण, वर्तमानपत्र — सगळं दिलं आहे. बाथरूम आतच आहे. भावजयीला सगळं सांगितलं. तिने चपला घातल्या आणि सचिवांकडे चिठ्ठी घेऊन गेली:

"तुमचे साहेब माझ्या ताब्यात आहेत. तब्येत उत्तम. सोमवारी अकराला ते कुठेही उभे राहणार नाहीत. कैद्याला किती वाजता सोडता, ते सकाळी नऊच्या आत लेखी कळवा. तोंडी उत्तर घेतलं जाणार नाही."