मावशीचा लॅपटॉप बंद पडतो त्याबद्दल

३ फेब्रुवारी

चि. टिचकीस,
अ. उ. आ.

पत्र पाहून हसशील. मेलच लिहीत होते, पण तिसऱ्या ओळीला लॅपटॉपने मान टाकली. फोन करावा तर माझ्या कानांची रड तुला माहीत आहे. तू सांगितलेलं निम्मं हवेत जातं. म्हणून हा कागद.

काम चालू असताना पडदा एकदम काळा होतो. कुरकुर नाही, सूचना नाही. मग मी तुझ्या काकांना हाक मारते, ते बाहेर पॅसेजमधल्या बोर्डापाशी जाऊन काहीतरी करतात आणि हा शहाण्यासारखा पुन्हा चालू होतो. वनस्पतींच्या एका जाडजूड ग्रंथाची सूची करतेय. ‘क’पर्यंत पोचले की हा मला मागे ‘अ’वर आणून सोडतो. प्रकाशक सावकाश होऊ द्या म्हणतात, पण रोज म्हणतात.

काकांच्या मते यंत्र थकलंय, त्याला आराम द्यावा. वीजकेंद्रात जन्म काढलेल्या माणसापुढे मी काय बोलणार? तू दिवसभर लोकांचे लॅपटॉप उघडून बसतेस, तूच काय ते सांग.

तुझी वैतागलेली,
मावशी

९ फेब्रुवारी

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

आधी तळाला हात लावून बघ. भाजत असेल तर आतला पंखा धुळीने गुदमरलाय. मागचं झाकण उघडून मऊ ब्रशने साफ करायचं. काकांना जमेल. आणि गादीवर ठेवून काम करत असशील तर ते आधी थांबव. तू करत असणारच.

दर पानाला सेव्ह करत जा. काकांना सांग, यंत्राला आराम नको, आंघोळ हवी.

माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.
टिचकी

१६ फेब्रुवारी

चि. टिचकीस,
अ. उ. आ.

एक उशी भरेल इतकी धूळ निघाली. काकांनी झाकण इतक्या सफाईने उघडलं की मी बघत राहिले. स्क्रू वाटीत काढले होते, ती वाटी मात्र दोघांनी मिळून शोधली. फ्रीजमध्ये सापडली. खूप हसलो.

लॅपटॉप आता गार आहे आणि गार राहूनच बंद पडतो. गादीचं तू बरोबर ओळखलंस, पण आता टेबलावरच बसते. पाठ दुखते.

मावशी

२२ फेब्रुवारी

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

गार असूनही एका क्षणात जातो, म्हणजे त्याला वीजच मिळत नाही. इतक्या जुन्या लॅपटॉपची बॅटरी कधीच मेलेली असणार, तो नुसत्या वायरीवर जगतोय. तुझी वायर दाराखालून पॅसेजमधल्या बोर्डाला जाते ना? पुढच्या वेळी पडदा काळा झाला की काकांना हाक मारू नकोस. स्वतः उठून बोर्ड बघ. पिन सैल असेल किंवा बटण खराब असेल.

काय दिसलं ते लगेच कळव.
टिचकी

२ मार्च

चि. टिचकीस,
अ. उ. आ.

बघितलं. पिन घट्ट होती, बटण बंद होतं. काका स्वयंपाकघरात पेपर वाचत होते. विचारलं, तर बटणाला हात लावला नाही म्हणाले.

दुसऱ्या दिवशी लॅपटॉप चालू ठेवून मी पॅसेजच्या टोकाला कपड्यांच्या घड्या घालत बसले. काका आले. बटण बंद केलं, नीट बंद झालंय ना ते वाकून पाहिलं आणि गेले. कामावरून निघताना करत असतील तसं. मी लगेच मागे जाऊन विचारलं. आपण तिकडे गेलोच नाही म्हणाले. ते खोटं बोलत नाहीत, तुला ठाऊक आहे. तेव्हाही बोलत नव्हते.

आणखीही काही काही आहे. लिहायला बसले तर त्याचीच सूची होईल. लॅपटॉपचं दुखणं तू बरोबर ओळखलंस. आता पुढचं सांग.

मावशी

७ मार्च

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

पुढचं मला येत नाही. येतं तेवढं पार्सलमध्ये घातलंय. ही बॅटरी बसवलीस की बटण बंद झालं तरी लॅपटॉप चालू राहील, तुझं काम पुसलं जाणार नाही.

डॉक्टरांना दाखवायलाच हवं. काकांना कसं सांगायचं ते मी आल्यावर ठरवू. येत्या नाही, त्यापुढच्या रविवारी येतेय. नको म्हणू नकोस, तिकीट काढलंय.

टिचकी

१२ मार्च

चि. टिचकीस,
अ. उ. आ.

ठरवायला काही उरलं नाही. काल बॅटरी बसवून घेतली. संध्याकाळी काम करत होते तर काका दारात येऊन उभे. लॅपटॉप अजून चालू कसा, असं त्यांनी विचारलं. नवी बॅटरी आहे, मी म्हटलं. त्यांनी वाकून वायर चाचपली. मग म्हणाले, बटण तर मी आत्ताच बंद केलं. आणि पुढे, म्हणजे रोज मीच करत होतो का?

मी हो म्हटलं.

सगळी नोकरी बिघाड शोधण्यात गेलेला माणूस. उत्तर मिळाल्यावर त्यांनी वाद घातला नाही. खुर्ची ओढून शेजारी बसले आणि आणखी काय काय केलं ते सांग म्हणाले, काही गाळू नकोस. मी सांगत गेले. वाटीचं ऐकून हसले. तुझा वाढदिवस त्यांनी एकाच दिवसात तीनदा विचारला होता, ते ऐकून मात्र चष्मा काढून ठेवला.

डॉक्टरांना फोन त्यांनीच लावला. सोमवारी बोलावलंय. तू सोमवारी थांब, असा त्यांचा निरोप आहे. एकीला ऐकू येत नाही, दुसऱ्याच्या लक्षात राहत नाही, तेव्हा बरोबर एक धड माणूस हवं म्हणतात.

इस्त्रीचा शर्ट त्यांनी आत्ताच कपाटातून काढून खुर्चीवर घालून ठेवलाय. सोमवार अजून लांब आहे. मी तो तसाच राहू दिलाय.

सांभाळून ये.
तुझी मावशी