पाहुण्याचा चहा आणि गोबांची कुत्री

प्रिय आचे-ले,

जुले. तुझे गुडघे कसे आहेत? भाओजींचा रक्तदाब? परसातले जर्दाळू वाळवून झाले का? इथे सगळे ठीक. हिवाळ्याचं गवत साठवून झालं. सासूबाई रोज सकाळी ‘आज मी मरते’ म्हणतात आणि दुपारी याक हाकायला जातात, म्हणजे त्याही ठीक.

यंदा सरोवराच्या काठावर भाओजींचे पर्यटकांचे तंबू लागले नाहीत, याचा राग तुमच्या घरात अजून असणार. (मागच्या फोनवर तू माझ्याशी फक्त हवेबद्दल बोललीस, म्हणून हे पत्र.) पण आम्हा बायांच्या सांगण्यावरून गावाने हे एकाच उन्हाळ्यापुरतं ठरवलं होतं. पाहुणे पाळीने घरोघरी उतरणार, गाड्या गावाबाहेर, मंत्र कोरलेल्या मणी-भिंतीपाशी थांबणार, आणि क्रौंचांचं पिल्लू उडेपर्यंत ज्याने त्याने आपली कुत्री बांधून ठेवायची. जमलं तर कायमचं, नाही तर तंबू परत. आमचे गावप्रमुख, गोबा, तेव्हाच म्हणाले होते, “बायांनो, तुमच्या चुलीच्या धुरात एक पाहुणा दोन रात्री टिकणार नाही!” आणि पहिली पाळी माझी निघाली. लहानपणी आपण दोघी बहिणी पाणथळीतल्या ज्या झऱ्याला ओंजळ लावायचो ना, त्याला गेल्या वर्षी तंबूंच्या सांडपाण्याचा वास येऊ लागला होता. माझ्या शेळ्या तोंड न लावता परत आल्या होत्या. ते आठवून मी पाळी घेतली.

जूनमध्ये पाहुणे आले. हॉलंडचे योप आणि फेमके, नवराबायको. योप इतका उंच, की आमच्या घराशी त्याची ओळख चौकटीवर डोकं आपटूनच झाली. मी लोणी-मिठाचा चहा ओतला. तो म्हणाला, नको. आता तूच सांग, पहिल्याच वेळी ‘हो’ म्हणणाऱ्या पाहुण्याला आपण काय म्हणतो? मी आग्रह केला. पुन्हा नको. सासूबाई माझ्या कानाशी लागल्या, “चांगल्या घरचा दिसतोय गं, ओत आणखी!” तो बिचारा पेला संपला की सुटका होईल म्हणून घटाघटा प्यायचा, आणि रिकामा पेला पाहून आमचा जीव तुटायचा. (त्यांच्याकडे नको म्हणजे खरंच नको, हे फेमकेने मला पुढे समजावलं. अशा देशात लग्नं कशी जमतात कोण जाणे.)

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता मी दोघांना दगडी आडोशामागे बसवलं. समोर क्रौंचांची जोडी आणि त्यांच्या पायांत घुटमळणारं बदामी पिल्लू. आचे-ले, तंबूंच्या जनरेटरशिवायची पहाट मी कित्येक वर्षांनी ऐकली. शेवाळातून पाणी वर येतं त्यालाही आवाज असतो, बारीक, झोपलेल्या बाळाच्या श्वासासारखा. माझे डोळे भरून येणार, इतक्यात योप उठला. चहा! पाणथळीच्या आसपास कुणी विधीला बसायचं नाही हा नियम मीच मांडलेला, आणि संडास कुरणापलीकडे, चढावर, घरी. तो वाकून पळत गेला, आला, बसला, पुन्हा उठला. मी मनात म्हटलं, बुडालं सगळं. हॉलंडला जाऊन हा माणूस आमच्या सरोवराचं एवढंच वर्णन करणार.

पण एकदा चढावरून परतताना तो थबकला. आडोशामागून आम्हाला दिसत नव्हतं ते त्याला वरून दिसलं. गवतातून दोन कुत्री पिल्लाच्या रोखाने सरपटत चालली होती. तो ओरडत सुटला, एका हाताने पँट धरून, दुसऱ्याने टोपी फिरवत, थेट पाणथळीत. (तिथे पाय ठेवायचा नाही हाही आमचाच नियम, पण तेव्हा मी तो बोलून दाखवला नाही.) कुत्री पळाली, पिल्लू आईच्या पोटाखाली शिरलं आणि योप मांडीपर्यंत चिखलात रुतला. सासूबाई याक घेऊन आल्या, दोर बांधला, सगळा गाव जमला.

कुत्री गोबांची निघाली. “माझी कुत्री शहाणी आहेत” म्हणून त्यांनी ती बांधलीच नव्हती. आता सगळ्यांच्या पुढे होऊन तेच दोर ओढत होते. सासूबाई म्हणाल्या, “शहाणी तर आहेतच, गोबा-ले. नियम बायांनी केलाय हे बघूनच मोडतात.” गोबांचे कान लाल झाले. संध्याकाळी मात्र त्यांच्या अंगणात कुत्री साखळीला होती. आणि योप-फेमके दोन रात्रींसाठी आलेले, ते आठवडाभर राहिले.

तुझी धाकटी,
कुन्झेस

ता. क. काल सभा झाली. तंबू कायमचे बंद. पहिला हात गोबांनी वर केला. पिल्लू उडालं. झऱ्याचा वास गेलाय, शेळ्या पितात.

ता. क. भाओजींना हे जेवण झाल्यावर सांग, आधी नको. आणि लगेच पुढचंही सांग. पुढच्या उन्हाळ्यात आणखी घरं पाहुणे घेणार आहेत. त्यांना लेहमध्ये दोन दिवस थांबवून, विरळ हवेची सवय करून, इथवर नीट आणणारा भरवशाचा माणूस आम्हाला हवाय. मी भाओजींचं नाव सुचवलं. गोबांनी विचारलं, “तो येईल?” मी म्हटलं, माझी बहीण त्यांना आणेल. तेवढं कर, आचे-ले.

ता. क. तंबू होते तेव्हा तू यायचीस आणि तिकडेच उतरायचीस. आता उतरायला माझंच घर आहे. बहिणीला पाळी लागू नाही, हे मी सभेत मंजूर करून घेतलंय.