लागलं का?

गुरुवार, १२ जून

ती. दादा,

नमस्कार. साष्टांग लिहिणार होते, पण उजवा हात अजून जमिनीला टेकत नाही, तेव्हा उभ्यानेच मानून घे. अक्षर डाव्या हाताचं आहे, हसू नकोस.

मावशीकडे माझं बरं चाललंय. ताट रिकामं होईपर्यंत ती समोरून हलत नाही. दुकानात सोफ्यांच्या खोळी आता कोण शिवतं? मशीनला तेल घालत जा, नाहीतर ते रुसतं.

आईने फोनवर तुझा निरोप सांगितला. पोलीस पुन्हा जबाब घेणार, तेव्हा कातर निसटली एवढंच मी म्हणायचं. दवाखान्यात पहिल्यांदा मी तेच म्हणाले होते. आई म्हणाली, भावाला आत घालून तुला काय मिळणार? मी तिला हाताचं सांगत बसले. तुलाही सांगते.

अंगठा उचलणारी कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी, डॉक्टरांनी टाके घालून जोडली. रोज व्यायाम असतो. पण अंगठा हलवला की कोपरापर्यंत कळ जाते, म्हणून त्यांनीच जोडीला ॲक्युपंक्चर सुचवलं. सुया टोचणाऱ्या बाई रोखठोक आहेत. म्हणाल्या, सुईने कंडरा जुळत नाही, ते काम टाक्यांचं. दुखणं उतरलं तर व्यायाम नीट होईल, तेवढंच माझं काम.

सुई आत गेली की त्या ती हलकेच फिरवतात आणि विचारतात, लागलं का? म्हणजे सुई जागेवर पोचली का, आत जड काही जाणवलं का. मी म्हणाले, नाही. त्यांनी आणखी आत घातली. लागलं? नाही. आणखी फिरवली. डोळ्यांपुढे काजवे चमकले, तरी माझं आपलं नाहीच. शेवटी त्यांनी हात काढून घेतला.

"तुमचं तोंड नाही म्हणतंय आणि पाय टेबलाला लाथा मारतोय. मी कुणाचं ऐकू?"

मला आधी हसू आलं, मग रडू आवरेना.

हा प्रश्न मी तोवर फक्त तुझ्या तोंडून ऐकला होता, दादा. खुर्चीचा पाय माझ्या पाठीत मोडलास तेव्हा विचारलंस. केस धरून डोकं शटरवर आपटलंस तेव्हाही. नाही म्हटलं की तू चहा मागवायचास आणि विषय मिटायचा. हो म्हटलं की दुसरी बसायची. माझी जीभ शहाणी झाली.

त्या दिवशी मखमल लवेच्या उलट्या दिशेने कापली गेली. लवेची दिशा दाखवणारा खडूचा बाण तूच उलटा काढला होतास, मी एवढंच म्हणाले. तू माझं मनगट टेबलावर दाबलंस आणि उघडी कातर अंगठ्याच्या बुडाशी हाणलीस. ती हाडावर घासल्याचा आवाज मी ऐकला. मग परत हाणलीस. रक्त उडालं तेव्हा तू आधी मखमल ओढून घेतलीस, डाग पडू नये म्हणून. मग विचारलंस, लागलं का? अंगठा लोंबत होता आणि मी नाही म्हणाले.

खोटं कशाला लिहू, इथे पडल्या पडल्या मी त्याच कातरीने तुझी बोटं एकेक करून कापते. मग उठते, तोंड धुते, व्यायाम करते. मला तुझ्यासारखं व्हायचं नाही. पण पुन्हा त्या टेबलापाशी उभी राहिले, तर आपल्यातलं एकच कुणीतरी बाहेर येईल.

काल बाईंनी सुई फिरवली. लागलं का? मी हो म्हणाले. त्या तिथेच थांबल्या. हो म्हटल्यावर कुणी थांबतं, हे मला माहीतच नव्हतं रे.

तिथून मावशीला घेऊन सरळ चौकीत गेले. साहेब म्हणाले, कातर निसटली ना?

"निसटली नाही. माझ्या भावाने मारली, दोनदा."

त्यांनी लिहून घेतलं, मी डाव्या हाताने सही केली. पत्र पोचेपर्यंत ते तुझ्या दारात आलेले असतील. आईला मावशीने आजच इकडे आणलंय, तेव्हा राग काढायला घरात कुणी नाही. मशीन फोडू नकोस, त्याचा काही दोष नाही.

तू विचारण्याआधीच सांगते. हो, दादा. लागलं.

तुझी,
धाकटी