चोवीस तास टिकणारं तोंड

३ मार्च, मंगळवार

आज मालकांनी दुकान उघडायच्या आधी सगळ्यांना काउंटरपाशी उभं करून जाहीर केलं. पुलापलीकडे चष्म्याचं दुसरं दुकान काढतायत. पुढच्या महिन्यात. तिथल्या काउंटरवर मी किंवा इथं काउंटरवर असतो तो, आमचा चिकना. आधी एक आठवडा त्याला बघणार, मग एक आठवडा मला. जो उरेल तो इथं मागच्या खोलीत, काचा घासायच्या मशीनवर.

मी सहा वर्षं त्याच खोलीत आहे. खिडकी नाही. पंखा आहे, पण काचेची भुकटी उडते म्हणून लावायचा नाही. मलाच का तिथं टाकलंय? कुणी बोलून दाखवत नाही, पण मी काय दूधखुळा आहे? चेहऱ्यामुळे. चिकन्याच्या गालावर माशी बसली तर घसरून पडेल. माझा चेहरा आठला धुतला तर दहाला त्यावर तळण निघेल. वर फोड. एकतिसाव्या वर्षी! केमिस्ट म्हणतो, वयाचे आहेत, जातील. आणखी किती वयात येऊ?

आणि काउंटरवाल्यानं गिऱ्हाइकाच्या समोर हातभर अंतरावर उभं राहून डोळ्यांची मापं घ्यायची असतात. हे थोबाड हातभर अंतरावर कोण सहन करेल?

निश्चय: फाउंडेशन लावणार. स्वस्त, दिवसभर टिकणारं. कुणालाही कळता कामा नये. हे काउंटर गेलं तर जन्मभर ती खोली.

५ मार्च, गुरुवार

धाकट्या बहिणीची ट्यूब. थोडंसंच घेतलं. चमत्कार! आरशात बघतो तर एक फोड दिसेल तर शपथ. गाल कसे, नुकत्याच घासलेल्या काचेसारखे.

चष्मा घातला आणि घोटाळा. काढला तर नाकावर पॅडचे दोन खड्डे, कानशिलावर काड्यांचे ओरखडे. म्हणजे चष्मा घालायचा नाही. लावताना नाही, बघताना नाही, दिवसभरही नाही. माझा नंबर साडेपाच आहे, पण रस्ता ओळखीचा आहे. कॉन्टॅक्ट लेन्स मला चालत नाहीत, डोळ्यांतून पाणी येतं आणि पाण्यानं गाल ओघळतील.

जेवताना धाकटीनं विचारलं, माझी ट्यूब मधूनच कुणी दाबली. मी म्हटलं, आईनं असेल. आई भात वाढता वाढता थांबली. दोघी माझ्याकडे बघत राहिल्या. मग काहीच बोलल्या नाहीत. म्हणजे पटलं.

७ मार्च, शनिवार

स्वतःची बाटली घ्यायला गेलो. दुकानातल्या ताईंना सांगितलं, बहिणीसाठी हवंय. त्यांनी विचारलं, त्वचा कशी. तेलकट, फोड येतात. रंग? साधारण माझ्यासारखा. ताई म्हणाल्या, मग बहिणीला सांगा, दाढी केल्याकेल्या लावू नकोस, आग होईल. बाई जरा बावळटच. काही म्हणजे काही लक्षात आलं नाही त्यांच्या.

चांगली म्हणून जी बाटली काढली तिची किंमत ऐकून मी ती दोन्ही हातांनी परत ठेवली. शेवटी खालच्या फळीवरची घेतली. वर लिहिलंय: मॅट, तेलकट त्वचेसाठी, चोवीस तास टिकणारं. ताई म्हणाल्या, ही तुमच्या, म्हणजे बहिणीच्या रंगाची नाही, दोन शेड उजळ आहे. म्हटलं, उजळच बरी. पैसे तेवढेच ना?

हिशोब: चोवीस तास टिकतं, तर रात्री धुवून टाकणं म्हणजे निम्मे पैसे मोरीत ओतणं. यापुढे तोंड एक दिवसाआड धुवायचं.

९ मार्च, सोमवार

चिकन्याचा आठवडा सुरू. तो बाहेर हसतोय, मी आत काच नाकाशी धरून घासतोय.

चोवीस तास अकरा वाजता संपले. मशीन पाणी उडवतं, काचेची भुकटी उडते, ती सगळी तोंडावर चिकटली. पुसायला गेलो तर रुमालावर माझा अर्धा गाल. दुपारनंतर उरलेलं नारिंगी झालं. चिकना म्हणाला, कावीळ तपासून घे. जळतो मेला. डोळ्यांचे नंबर काढणाऱ्या मॅडम आत आल्या आणि न बोलता टिश्यूचा पुडा ठेवून गेल्या. भली बाई. मला सर्दी झाली असं वाटलं असेल त्यांना.

११ मार्च, बुधवार

हनुवटीवर तीन नवे फोड. एक तर असा ठणकतोय की आत कुणीतरी राहायला आलंय. कारण उघड आहे: टेन्शन. उपाय: दोन थर.

आईनं उशीचा अभ्रा माझ्यासमोर धरला. म्हणाली, हे काय, शेतात झोपतोस का? म्हटलं, कामावरची धूळ. आई म्हणाली, तिथं तोंड धुवायला पाणी मिळत नाही का? नाही मिळत म्हटलं. आता आईशी खोटंसुद्धा बोलायला लागलो. अरे देवा, एका काउंटरपायी माणसानं काय काय करायचं!

१३ मार्च, शुक्रवार

आठवडाभर जीव टांगणीला. चिकन्याची विक्री जोरात. एका बाईंना दोन चष्मे विकले, त्यांना गरज एकाचीही नव्हती.

तेल थोपवायचा नवा उपाय. थर, वर अंगाला लावायची पावडर, वर धाकटीचा केसांचा स्प्रे. टिकलं! संध्याकाळपर्यंत जागचं हललं नाही. अडचण एकच, तोंडही हललं नाही. मालकांनी विनोद सांगितला, सगळे खदाखदा हसले, मी उभा भिंतीसारखा. मालक माझ्याकडे बघत राहिले. गंभीर, जबाबदार माणूस आहे असं वाटलं असणार.

रात्री गाल असे भाजले की उशी नको झाली. पण धुतलं नाही. दमडी फुकट घालवायची नाही.

१६ मार्च, सोमवार

माझा आठवडा! चिकना मशीनवर, मी काउंटरवर. पंख्याखाली! सहा वर्षांनी कामाच्या वेळी उजेड बघितला. थोडा धूसर होता, पण उजेड होता.

चष्मा खिशात. मापं कशी घेतली? अनुभव, दुसरं काय. गिऱ्हाइकाला फ्रेम घालायची, नमुन्याच्या काचेवर बुबुळाच्या बरोबर समोर पेनानं ठिपका द्यायचा. मागं मशीनवर त्या ठिपक्यावरच काचेचा मध्य येतो. मला हातभरावरून बुबुळ दिसत नाही, म्हणून अगदी नाकाजवळ गेलो. गिऱ्हाइकं जरा मागं सरकत होती. माणसं लाजाळू असतात. बाकी अंदाजानं.

आणि मुख्य म्हणजे माझ्या चेहऱ्याबद्दल एकानंही चकार शब्द काढला नाही. वाईट नाही, बरा नाही, काहीच नाही. फाउंडेशन जिंकलं.

१८ मार्च, बुधवार

सोन्याचा दिवस. शाळेतून निवृत्त झालेल्या हेडबाई आल्या होत्या. जाड नंबर, वाचायचं वेड. त्यांचं सगळं ऐकून घेतलं, चार फ्रेमी दाखवल्या, महागातली नकोच म्हणून सांगितलं. जाताना त्या मालकांना म्हणाल्या, हा मुलगा फार गोड बोलतो हो, याला आत का लपवलं होतंत?

दुकान बंद करताना मालकांनी खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, असंच चालू दे, तिकडचं काउंटर तुझंच धर.

मोरीत जाऊन नळ सोडला आणि घळाघळा रडलो. रडताना तोंड सरळ जमिनीकडे धरलं होतं, गाल ओले होऊ नयेत म्हणून. हे सगळं एका बाटलीनं केलं. आता सोडायची सोय नाही. फोडांनी मान गाठलीय. धाकटी सकाळी म्हणाली, दादा, एकदा डॉक्टरला दाखव रे, पाया पडते. मी तिच्यावर खेकसलो. तिला काय कळतंय.

निश्चय: तीन थर. फक्त शनिवारपर्यंत.

२१ मार्च, शनिवार

आठवडा संपला. मी जिंकलो. घरी सांगितलं. आईनं जवळ घ्यायला हात पुढे केले, मी मागं सरकलो. तिच्या पदराला रंग लागला असता.

२३ मार्च, सोमवार

दुकान उघडताच एक ड्रायव्हर. म्हणाला, नव्या चष्म्यातून रस्ता तिरका दिसतो. मागोमाग एक शिंपी. सुईला दोन भोकं दिसतात. दुपारी हेडबाई. त्यांना पायरीचा अंदाज आला नाही, दारातच पडता पडता वाचल्या. पुस्तक उघडलं की डोकं ठणकतं म्हणाल्या. रागावल्या नाहीत. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

उघड आहे, चिकन्यानं काचा चुकीच्या कापल्या. त्याला मशीन कुठं येतं! मालकांना तसं स्पष्ट सांगितलं. मॅडम चष्मे तपासायला घेऊन बसल्या आहेत. उद्या त्याचं पितळ उघडं पडेल.

२४ मार्च, मंगळवार

पितळ उघडं पडलं. माझं.

चिकन्यानं एकूण एक काच ठिपक्यावर बरोबर कापली होती. ठिपकेच चुकले होते. मालकांनी सगळे चष्मे टेबलावर ओळीनं मांडले. शेजारी काउंटरवरच्या फ्रेमी, काड्यांवर तपकिरी बोटांचे ठसे. विचारलं, हे काय? मी फ्रेम बाहीनं पुसायला घेतली. विचारलं, तुझा चष्मा कुठंय? खिशात. का?

मग माझा बांध फुटला. सगळं सांगितलं. फोड, तेल, बाटली, नाकावरचे खड्डे. म्हटलं, सहा वर्षं मला चेहऱ्यामुळे आत कोंडलंत, मी दुसरं काय करणार होतो? चिकनासुद्धा हसला नाही. तेच जास्त लागलं.

मालक खुर्चीत बसले. म्हणाले, अरे गाढवा, सहा वर्षांत तुझी एक काच परत आली नाही, म्हणून तुला तिथून हलवत नव्हतो. चेहऱ्याचं काय घेऊन बसलास? चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाईक कुणाकडे बघतं? आरशात. स्वतःकडे. तुला नाक आहे की नाही हेसुद्धा त्यातल्या एकाला सांगता येणार नाही.

मॅडम हळूच म्हणाल्या, आम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. दोन शेड उजळ आहे. मान वेगळी दिसते. वाईट वाटेल म्हणून बोललो नाही.

म्हणजे टिश्यू सर्दीसाठी नव्हते.

काउंटर चिकन्याला.

२५ मार्च, बुधवार

घरी तोंड धुतलं. साबणानं, दोनदा. मग चष्मा घातला आणि आरशासमोर उभा राहिलो. या सगळ्या दिवसांत पहिल्यांदा.

अरे बापरे.

धाकटी दारात उभी होती.  तिनं डॉक्टरचा नंबर दिला. तो तिच्याकडे आधीपासून लिहून ठेवलेला होता. फोन केला. डॉक्टर म्हणाले, पहिली गोष्ट, ती बाटली फेका. अर्धी उरली आहे. कपाटात मागं ठेवली आहे. फेकणार आहे. संपली की.

२८ मार्च, शनिवार

परत मशीन. माझ्या आठवड्यातले सगळे चष्मे नव्यानं केले, चष्मा घालून, मॅडमनी गिऱ्हाइकांना बोलावून दिलेल्या नव्या ठिपक्यांवर. हेडबाईंचा सगळ्यात शेवटी. रात्री झोपेत चूक दिसू नये म्हणून तीनदा तपासला.

संध्याकाळी त्या आल्या. मालकांना म्हणाल्या, माझा चष्मा त्या आतल्या मुलालाच बसवू द्या. मी बाहेर गेलो, तसाच. तोंड धुतलेलं, वर काही नाही. नाइलाज होता. चष्मा त्यांच्या नाकावर ठेवला, काड्या कानामागं बसवल्या. त्यांनी भिंतीवरची बारीक अक्षरं वाचली. दाराची पायरी बघितली. खुश झाल्या, म्हणाल्या, आता कसं लख्ख दिसतंय.

मी आरसा पुढे केला. त्यांनी तो बाजूला सारला आणि माझ्याकडे बघितलं. नीट, निरखून. सहा वर्षांत असं बघणारं हे पहिलंच गिऱ्हाईक.

म्हणाल्या, अगं बाई, केवढे हे फोड आलेत रे तुला!

ठिपका बरोबर बसला आहे.