दगडी चेहऱ्याची नोकरी

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार (टेबलावर वाकूनच लिहितोय, तेव्हा खोटा नाही).

तुझा गुडघा कसा आहे? भाऊजींचा खोकला गेला का? तू फोनवर नुसतं ‘ठीक’ म्हणतेस, आणि आपल्या घराण्यात ठीक म्हणणारं माणूस आठवड्याभरात दवाखान्यात सापडतं, म्हणून पत्रानं विचारतोय. इकडे आम्ही सगळे ठीक आहोत. (पुढचं वाचून झालं की हे वाक्य पुन्हा वाच.)

माझ्या नोकरीत नेमकं काय करायचं असतं, हे तू मागे विचारलं होतंस. लाज वाटली म्हणून सांगितलं नाही. आमच्या संशोधन केंद्रात माणसाची बाळं आणि चिंपांझीची पिल्लं बोलता येण्याआधी काय काय सांगतात, याचा अभ्यास चालतो. सकाळी आया आपापली बाळं घेऊन येतात, दुपारी अप्पाची पाळी. अप्पा म्हणजे चिंपांझीचं पिल्लू. नुकत्याच निवृत्त झालेल्या हेडमास्तरांसारखा सगळ्यांकडे नाराजीनं बघतो, म्हणून अप्पा. माझं काम समोर बसायचं. बाळानं हात पसरो, बोट दाखवो, खेळणं फेकून मारो, घंटी होईपर्यंत चेहऱ्यावरची रेघ हलू द्यायची नाही. उत्तर मिळालं नाही की लेकरू पुढे काय करतं, ते काचेमागून आमच्या प्रमुख मॅडम बघतात. मला मुलाखतीत फारसं विचारलंच नाही, तोंड बघूनच घेतलं. बाबा म्हणायचे ना, या कार्ट्याचं तोंड म्हणजे सुट्टीच्या दिवशीचं दुकान. त्या दुकानाला अखेर भाडेकरू मिळाला.

आता एवढे दिवस बसून काय कळलं, तर सुरुवात दोघांची बरीचशी सारखी. उचलून घ्या म्हणून हात वर, हवंय म्हणून पंजा पुढे, नकोय म्हणून ढकलणं. पण अप्पा हात करतो तो बहुतेक वेळा काहीतरी मागायला. माणसाचं पोर नुसतं दाखवायलाही बोट करतं. तो बघ कावळा. तो बघ पंखा. त्याला कावळा नको असतो, आपण बघायला हवे असतो. हे मला पगार घेऊन कळलं, तुला फुकटात ठाऊक होतं.

आणि घोळ इथेच झाला. आमच्या ढब्बूनं (लेकीला गालांमुळे पडलेलं नाव, जन्मदाखल्यावर बरं आहे) बोट दाखवायला सुरुवात केली, तेव्हा मी चहाचा कप हातात धरून निरीक्षण करत बसायचो. बोट आधी की नजर आधी? वळून माझ्याकडे बघते का? बघायची. मी थांबायचो. घरात घंटी नसते गं ताई, त्यामुळे थांबणं संपायचंच नाही. तुझ्या भावजयीनं एकदा जेवताना मिठाकडे बोट केलं, तर मी तिचीही चिकाटी तपासली. ती उठली, मीठ घेतलं आणि बरंचसं माझ्या भाजीत घातलं. ते मी निमूट खाल्लं.

आता ढब्बू आईला सगळं दाखवते, शेजारणीला दाखवते, फ्रिजलासुद्धा काहीतरी समजावून सांगत असते. मला वळसा घालून जाते, कपाटाला घालावा तसा.

गेल्या आठवड्यात एक आई आलीच नाही, म्हणून मॅडमनी ढब्बूला बोलावून घेतलं. समोर मी. इतर बाळं माझ्या तोंडाकडे बघून थोड्या वेळात हातपाय आपटतात, भोकाड पसरतात. हिनं एकदा बघितलं आणि खेळण्यावरचं लेबल सोलत बसली. मॅडम खूश, म्हणाल्या, इतकं शांत बाळ पाहिलं नाही. पण ताई, रडायला आधी आशा लागते. तिला माझ्याकडून कसलीच आशा नव्हती.

त्याच दुपारी अप्पानं हात वर केले आणि मी त्याला घंटीआधीच उचललं. प्रयोग बाराच्या भावात गेला. अप्पा मानेत तोंड खुपसून बसला, मॅडम काचेवर टकटक करत होत्या आणि मी रडत होतो. आपलं सोडून दुसऱ्याचंच उचललं, म्हणून रडत होतो. आता ताकीद मिळालीय. घरी आल्यावर आरशात हसण्याचा सराव केला आणि तसाच हसत ढब्बूपुढे गेलो. ते बघून तिनं जे भोकाड पसरलं, ते जेवणापर्यंत आवरेना.

बाकी क्षेम.

तुझा,
धाकटा

ता. क. गुडघा दुखत असताना मुद्दाम यायची मुळीच गरज नाही. मी नुसतं मन मोकळं केलं.

आणखी एक. मी खूप उशिरा बोलायला लागलो आणि लोकांनी तुला बोल लावला, की ही हात वर व्हायच्या आधीच कडेवर घेते, पोर बोलेल कशाला! तू कसं ओळखायचीस, ते सविस्तर कळव.

शेवटचं. एवढं लिहितोय तोवर ढब्बू खुर्चीपाशी आली आणि तिनं खिडकीकडे बोट केलं. मी उडी मारून उठलो. कबूतर होतं. म्हटलं, कबूतर, ढब्बू, केवढं मोठं कबूतर! आणि वळून बघतो तर ती कबुतराकडे बघतच नव्हती. माझ्याकडे बघत होती, तोंडावरची रेघ न हलवता. बाबा म्हणायचे तेच दुकान, ताई. अप्पा करतो तसे मी दोन्ही हात वर केले. ती नुसती बघत राहिली. गुडघ्याला पट्टा बांध आणि मिळेल त्या गाडीनं ये.